केळी-अक्रोडाचा फॉरवर्ड आणि आजोबांच्या गोळ्या

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. 90 टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) आतड्यात बनतं, म्हणून म्हातारपणातलं डिप्रेशन हा पोटाचाच विकार. केळी, अक्रोड, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 घ्या, मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या सोडा.

आकडा खरा, निष्कर्ष खोटा. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं आपण बनवतो. केळ्यातल्या सेरोटोनिनचीही तीच गत. केळं जरूर खा, औषध म्हणून नको.

ड आणि ओमेगा-3 ची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या 18 हजारांवर लोकांना सुमारे 5 वर्षं या किंवा तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या दिल्या. 2020 आणि 2021 मध्ये निकाल आले: ड मुळे डिप्रेशन टळलं नाही, ओमेगा-3 च्या गटात तर ते किंचित जास्तच आढळलं. ड कमी असेल तर हाडांसाठी घ्याच, तो प्रश्न वेगळा.

‘आहाराने डिप्रेशन बरं होतं’ याला आधार म्हणून 2017 चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग दाखवतात. 67 माणसं, 12 आठवडे. आहार बदललेल्यांपैकी 32 टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले, दुसऱ्या गटात 8 टक्के. उमेद देणारा निकाल आहे. पण ही माणसं बहुतेक मध्यमवयीन होती आणि बहुतेकांचे औषधोपचार किंवा समुपदेशन चालूच होतं. ‘गोळ्या सोडा’ हे फॉरवर्डवाल्याने पदरचं घातलंय.

शिवाय गाडी उलटीही धावते. डिप्रेशननेच भूक मरते. कवळी टोचते, एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, चहा-बिस्किटांवर रात्र निघते. मग घरचे म्हणतात, नीट जेवत नाहीत म्हणून असे झालेत.

ताटाकडे बघायचंच तर बी-12 जीवनसत्त्वाकडे बघा. फॉरवर्डमध्ये नेमकं तेच नाही. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. वयानुसार ते शोषलं जाणं कमी होतं, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं चाललेली पित्ताची गोळी भर घालतात. शाकाहारी घरात तर धोका आणखी. कमतरतेने उदासी, विसरभोळेपणा, पायांना मुंग्या येऊ शकतात. अक्रोडात बी-12 नसतं. रक्त तपासा, जमल्यास थायरॉईडही त्याच वेळी.

डिप्रेशनच्या गोळ्या मनाने तोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊ शकते आणि आजारही उलटू शकतो. कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही मोफत बोलता येतं.