वीसच्या आतला पट : शाळा बंद करण्याचं गणित कुठे चुकतं

कमी पटाच्या, म्हणजे कमी विद्यार्थीसंख्येच्या शाळांबद्दलचा एक मजकूर शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा : 'वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांत मुलं शिकत नाहीत. दोन शिक्षक चार वर्ग काय शिकवणार? या शाळा बंद करा, मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्या. प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, खर्च वाचेल, गुणवत्ता वाढेल. नव्या शैक्षणिक धोरणातही हेच आहे.' यातलं एकेक विधान तपासून पाहू.

'प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल.' मजकुराचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, आणि तेच सर्वांत चुकीचं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. आता १८, १४ आणि १२ पटाच्या तीन वाड्यांच्या शाळा एकत्र करा. पट झाला ४४. आधी तिथे सहा शिक्षक होते, आता मंजूर पदं दोन. चार शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनात, म्हणजे रिकाम्या पदांवर, दुसरीकडे गेले. नवी शाळाही द्विशिक्षकीच. फरक इतकाच की एका शिक्षकासमोर सरासरी सात मुलं होती, तिथे आता बावीस बसतात. वर्ग तर पूर्वीसारखेच जोडलेले.

चौथीपर्यंतच्या शाळेत वर्गागणिक शिक्षक हवा असेल तर पट किमान ९१ लागतो. सप्टेंबर २०२३मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने समूह शाळांचे (अनेक छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवले, तेव्हा वीसच्या आतल्या शाळा १४,७८३ आणि त्यांतली मुलं १,८५,४६७ असल्याचं समोर आलं. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं. ९१चा आकडा गाठायला अशा सात-आठ शाळा एका जागी आणाव्या लागतील. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मेळघाटात किंवा नंदुरबारमधल्या अक्राणीच्या पाड्यांवर सात-आठ वस्त्या सहा वर्षांच्या मुलाच्या टप्प्यात कशा बसणार, याचं उत्तर मजकुरात नाही.

'गाडीने न्या.' समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला कमाल ६,००० रुपये. पहिली ते पाचवीचे शाळेचे दिवस किमान २००. भागाकार केला तर जाऊन-येऊन दिवसाला ३० रुपये. वाडीत बारा मुलं असतील तर ३६० रुपयांत गाडीवाल्याने सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या मारायच्या, त्याही कच्च्या रस्त्याने. पैसे महिनोन्महिने आले नाहीत की आधी फेरी थांबते. मग मुलांनी चालत जायचं, आणि सगळ्यात आधी गळतात ती पहिली-दुसरीची मुलं आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली. एसटीचा मोफत पास असतोच, असं कुणी सांगेल. मुलींसाठीची ती सवलत पाचवीपासून पुढे लागू होते, पहिली ते चौथीच्या मुली त्यात येतच नाहीत. शाळा दूर गेल्याचा फटका ज्या घरात सायकलही नाही, त्याच घराला बसतो. शिवाय पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याच्या २०११च्या नियमांतच म्हटलं आहे.

'मुलं शिकत नाहीत.' इथे शाळेचा आकार आणि वस्तीची गरिबी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. छोटी शाळा कुठे असते? पाड्यावर, तांड्यावर, धनगरवाड्यात. तिथे गरिबी जास्त, आईवडिलांचं शिक्षण कमी, घरी पुस्तक नाही आणि हंगामी स्थलांतर ठरलेलं. निकाल कमी दिसला की दोष शाळेच्या आकाराला देऊन मोकळं व्हायचं, ही घाई झाली. तुलना करायची तर सारख्याच गरिबीतल्या छोट्या आणि मोठ्या शाळांची करावी लागते. अमेरिकेत ती झाली आहे. कॅलिफोर्नियात १९८८ साली फ्रीडकिन आणि नेकोचेआ या संशोधकांनी, पुढे वेस्ट व्हर्जिनिया, जॉर्जिया, ओहायो, टेक्सास आणि माँटाना राज्यांत क्रेग हाउली, रॉबर्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला. सुखवस्तू वस्तीत मोठ्या शाळेने फारसं बिघडत नाही, कधी फायदाही होतो. गरीब वस्तीत मात्र शाळा मोठी होत गेली की निकाल घसरतात आणि छोट्या शाळेत गरिबीचा परिणाम सौम्य होतो, असा या कामाचा रोख आहे. तिथल्या आणि इथल्या शाळांत फरक पुष्कळ आहेत, म्हणून हे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण 'शाळा मोठी केली की गरिबाचं मूल शिकेल' हे गृहीत धरायला त्यात काहीही आधार नाही.

दुसरा मुद्दा आकडेमोडीचा. तिसरीत सहाच मुलं असतील तर एका मुलामागे निकाल १६.७ टक्क्यांनी हलतो. चाचणीच्या दिवशी दोघं ऊसतोडीला गेलेली असली की शाळा 'अप्रगत', ती पाडव्याला परतली की शाळा 'प्रगत'. पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे पाचवीच्या वाचनाचे गुण संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी तपासले, तेव्हा सर्वांत लहान ५० शाळांपैकी ६ शाळा पहिल्या ५० मध्ये निघाल्या आणि ९ शाळा शेवटच्या ५० मध्ये. संख्या लहान असली की सरासरी दोन्ही टोकांना फेकली जाते. म्हणूनच छोट्या शाळेचा एकाच वर्षाचा निकाल पाहून मत बनवू नये. तीन वर्षांचे आकडे एकत्र घ्यावेत, आणि त्याहून बरं म्हणजे तेच मूल जूनमध्ये कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं ते पाहावं.

'दोन शिक्षक चार वर्ग काय शिकवणार?' बहुवर्ग अध्यापन ही शिकून घ्यायची पद्धत आहे, आणि ती न शिकवता शिक्षकाला चार वर्गांपुढे उभं करणं हा आपला खरा दोष. कर्नाटकात १९९५च्या सुमारास हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या नली-कली पद्धतीत लहान इयत्तांची मुलं एकत्र बसतात आणि प्रत्येक मूल शिकण्याच्या शिडीवर आपापल्या पायरीने चढतं. मूल महिनाभर गैरहजर राहिलं तर परतल्यावर ते जिथे थांबलं होतं त्या पायरीपासूनच पुढे जातं. स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी याचं मोल फार मोठं आहे. धडेनिहाय शिकवणाऱ्या शाळेत बीडहून कारखान्यावर गेलेली मुलगी परतते तेव्हा वर्ग अठराव्या धड्यावर असतो आणि ती पाचव्यावर.

सोळा मुलं, दोन शिक्षक असतील तर भाषेच्या तासाला गट इयत्तेनुसार पाडू नयेत, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वाचनाच्या पातळीनुसार पाडावेत. एका शिक्षकाकडे दोन गट. पंधरा-वीस मिनिटं एका गटाला थेट शिकवणं, तोवर दुसरा गट शब्दपट्ट्या, चित्रवाचन किंवा जोडीवाचनात, मग अदलाबदल. गणितात दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र हव्यात. सगळ्या वर्गात एकच संच असला की अर्धी मुलं नुसती बघत बसतात.

बिघडतं ते ठराविक ठिकाणी. एक, दुसऱ्या गटाला 'पान २३ उतरवून काढा' सांगितलं जातं, आणि वाचता न येणारं मूल अक्षरांची चित्रं काढत राहतं. दोन, जूनमध्ये पाडलेले गट मार्चपर्यंत तसेच राहतात. खरं तर दर सहा आठवड्यांनी प्रत्येक मुलाचं वाचन ऐकून ते बदलायला हवेत. तीन, भर तासाला ऑनलाइन माहिती मागवली जाते आणि एक शिक्षक मोबाइलवर अडकतो. मोठ्या शाळेत एकाचं काम दुसरा ओढून नेतो. इथे त्या दुसऱ्या एकट्यावरच सगळी शाळा येऊन पडते.

मजकुरातली एक चिंता मात्र पूर्ण खरी आहे : एकशिक्षकी शाळा. शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की कुलूप. असं महिन्यात चार-पाचदा झालं की ज्यांना परवडतं ते पालक मूल काढून खाजगी शाळेच्या गाडीत बसवतात आणि मागे फक्त सर्वांत गरीब घरांची मुलं राहतात. ३० सप्टेंबरचा पट आणखी खाली येतो आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, त्याचा ठपका पुन्हा शाळेवर. म्हणून दुसरं पद रिकामं न ठेवणं आणि केंद्रागणिक (जवळपासच्या शाळांच्या गटागणिक) बदली शिक्षकाची सोय करणं, हे विलीनीकरणाच्या कितीतरी आधी यायला हवं.

धोरणाचं म्हणाल तर २०२०च्या दस्तऐवजात मुख्य कल्पना शाळा संकुलाची आहे : जवळपासच्या शाळांनी कला, क्रीडा, संगीताचे शिक्षक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वाटून घ्यायच्या. विलीनीकरणाचा उल्लेख त्यात आहे, पण तो मुलांची शाळेपर्यंतची पोच कमी होऊ न देण्याच्या अटीसह. ती अट मजकुरातून गळली आहे.

एकत्र करण्याजोग्या शाळा नाहीतच, असं नाही. एकाच गावात पाचशे मीटरवर दोन शाळा, मध्ये ओढा नाही, महामार्ग नाही, आणि एकीत तीनच मुलं उरलेली. तिथे ग्रामसभा आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून जरूर एकत्र करावं. बाकी ठिकाणी निर्णयाआधी वाटेची पाहणी करावी, तीही मे महिन्यात जीपने नको. जुलैत, पाऊस चालू असताना, पहिलीतल्या मुलाच्या चालीने, पाठीवर दप्तर घेऊन.