‘माणसं गुणिले 55’ एवढ्यावर गावाचं पाणी मोजता येत नाही

ग्रामसभांचा मोसम आला की खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक हिशोब फिरू लागतो. थोडक्यात तो असा: “गावाची लोकसंख्या 5,000. सरकारी निकष माणशी 55 लिटर. म्हणजे रोजची गरज 2 लाख 75 हजार लिटर. टाकी 3 लाख लिटरची. मग पाणी कमी कसं? नवी पाइपलाइन, दुसरी टाकी ही ठेकेदाराची सोय आहे. पाणी चोरीला जातंय किंवा लोक नासाडी करताहेत. दिवसाआड सोडा, आपोआप पुरेल.”

गुणाकार बरोबर आहे. पण या मजकुराच्या जोरावर ग्रामसभेत ठराव पाडले जातात आणि त्याची किंमत टोकाच्या गल्लीतल्या बाया हंडे वाहून मोजतात. म्हणून मुद्द्यामुद्द्याने उत्तर देतो.

“5,000 माणसं, 55 लिटर”

आधी 5,000 हा आकडा कुठला ते बघा. गावाच्या कागदावर बहुतेक वेळा 2011 च्या जनगणनेचाच आकडा असतो. वर्षाला दीड टक्का वाढ धरली तरी 2025 पर्यंत 5,000 चे 6,150 होतात. पाइपलाइन तर साधारण 30 वर्षं पुढचं बघून टाकायची असते. आजची माणसं मोजून टाकलेली लाइन पहिल्या दिवसापासून तोकडी पडायला लागते.

दुसरं, 55 लिटर हा 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा किमान निकष आहे, आणि हे पाणी घरातल्या नळाला मिळायचं आहे. टाकीतून निघालेलं सगळं पाणी नळापर्यंत पोचत नाही. चांगल्या योजनेतही गळती वगैरे धरून 15 टक्के सोडावे लागतात. 6,150 माणसांचे 3 लाख 38 हजार लिटर नळाला हवे असतील, तर वरून जवळजवळ 4 लाख सोडावे लागतील. पोस्टमधले पावणेतीन लाख इथेच मागे पडले.

या 55 मध्ये गुरं नाहीत. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात पन्नासेक लिटर तरी लागतं. गावात 400 जनावरं असतील तर 20 हजार लिटर आणखी. शाळेचा हिशोब मात्र जपून करा. गावातलीच पोरं घरी एकदा आणि शाळेत एकदा अशी दोनदा मोजली जातात. बाहेरगावहून येणारी तेवढी वेगळी धरायची. बाजाराच्या दिवशी येणाऱ्यांचंही तेच.

“सरासरी पुरते, म्हणजे पाणी पुरतं”

खरी गोम इथे आहे. सरासरी म्हणजे वर्षभराचं पाणी 365 ने भागून आलेला आकडा. त्या आकड्याप्रमाणे पाणी वापरलं जातं असा दिवस वर्षात क्वचितच सापडतो.

आपल्याकडची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया घ्या. एप्रिल-मे महिना, जळगावचा पारा 43-44 च्या वर, सासुरवाशिणी पोराबाळांसह माहेरी आलेल्या, घराघरात रसाचा आणि सांजोऱ्यांचा पसारा, भांडी दुप्पट, आंघोळी दुप्पट. त्यात कूलर. मोठा कूलर दिवसभर चालला तर एका माणसाच्या वाट्याचं 55 लिटर पाणी सहज पितो. हजार घरांपैकी 400 घरांत कूलर असला तर आणखी 400 माणसं वाढल्यासारखं झालं, आणि ही माणसं कोणत्याच जनगणनेत नाहीत. वर याच दिवसांत विहिरीची पातळी खाली जाते. पंपाला जास्त खोलीवरून ओढावं लागतं, म्हणजे तोच पंप तासाला कमी पाणी देतो. मागणी सर्वात जास्त आणि पुरवठा सर्वात कमी, दोन्ही एकाच आठवड्यात.

“उन्हाळ्याचं सोडा, पावसाळ्यात तरी पुरतं ना?” असंही विचारतात. मग श्रावणातला कानबाई देवीचा सण बघा. नागपंचमीनंतरचा रविवार. सुरत, पुणे, नाशिकला गेलेले भाऊबंद गावात परतलेले, रोटाच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) आधी घर धुऊन काढायचं, सगळ्यांना पहाटेच आंघोळ हवी. धरण भरलंय, विहीर तुडुंब आहे, टाकीसुद्धा भरली आहे. तरी टोकाच्या गल्लीतली बाई म्हणते, “आमनी गल्लीमा पानीच येत नही, भाऊ.” ती खोटं बोलत नाही. पाणी आहे, पण सगळं गाव एकाच तासात नळ उघडतं तेव्हा ते तिच्यापर्यंत नेण्याची ताकद पाइपात नाही.

म्हणून पाणीपुरवठ्यात सरासरीसोबत कमाल मागणी काढतात. जुना ठोकताळा असा की सर्वात जास्त वापराचा दिवस सरासरीच्या 1.8 पट, आणि त्या दिवसातला सर्वात जास्त वापराचा तास त्याच्याही दीडपट. दोन्ही मिळून 2.7 पट. केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये वितरणाच्या पाइपांसाठी 50 हजारांपर्यंतच्या वस्तीला 3 पट, दोन लाखांपर्यंत अडीच पट आणि त्यापुढे 2 पट धरायला सांगितलं आहे.

“जळगावला दोन पट चालतं, मग आपल्याला तीन पट कशाला?”

कारण शहरात कोणी पहाटे चारला उठतो, कोणी रात्रपाळीहून दहाला येतो. हॉटेलं, दवाखाने, कारखाने आपापल्या वेळेला पाणी घेतात, त्यामुळे वापर दिवसभर पसरतो. गाव एकाच वेळी उठतं आणि एकाच वेळी शेतात जातं. वस्ती जितकी लहान तितका एका तासावरचा भार मोठा. शहराला उलट आग विझवण्याचं पाणीही धरावं लागतं: लोकसंख्या हजारांत घ्या, वर्गमूळ काढा, त्याची शंभर पट तेवढे किलोलिटर (एक किलोलिटर म्हणजे हजार लिटर). 2011 चे साडेचार लाखांवर लोक धरले तर एकट्या जळगाव शहरासाठी ते 21 लाख लिटरच्या वर जातं. शहराचा आकडा उचलून गावाला लावता येत नाही.

“दिवसाआड सोडा, पाणी वाचेल”

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. वरची तीन पट ही 24 तास पाणी चालू असताना धरायची असते. पोस्टमधलेच 2 लाख 75 हजार घ्या. 24 तासांची सरासरी ताशी साडेअकरा हजार लिटर, तीन पट म्हणजे साधारण 34 हजार. हेच सगळं पाणी दोन तासांत वाटायचं तर ताशी 1 लाख 37 हजार लिटर लागतात. सरासरीच्या 12 पट! दिवसाआड सोडलं आणि घराने दोन दिवसांचं भरून घ्यायचं ठरवलं तर 24 पट.

आता पाइपाकडे बघा. चार इंची मुख्य लाइन तीन पट मागणी कशीबशी पेलते. प्रवाह त्याच्या चौपट करायचा झाला तर घर्षणात जाणारा दाब बारा-तेरा पट होतो. टाकी 12-15 मीटर उंच असली तरी तेवढा दाब शंभर मीटरच्या आतच खलास. मग टाकीजवळच्या घरांच्या नळाला धार आणि टोकाला नुसती हवा.

टोकाची माणसं मग काय करतात? नळ जमिनीच्या खाली उतरवतात. अंगणात दोन-अडीच फुटांचा खड्डा, तळाशी वाकवलेला पाइप, त्याखाली टोपलं. टोपल्यातून तांब्याने हंड्यात, हंडा वर उचलायचा, पुन्हा खाली वाकायचं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि खड्ड्यात साचलेलं गढूळ पाणी उलटं आत ओढतो. पुढच्या वेळी तेच कोणाच्या तरी घरात येतं. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की मी आधी असे खड्डे किती आहेत ते बघतो.

आणि वाचतं किती? पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस असेल ते प्रत्येक भांडं भरतो आणि नवं पाणी आलं की शिळं ओतून देतो. ही नासाडी दिवसाआड पाणी सोडल्यामुळेच होते.

“टाकी 3 लाखांची आहे”

टाकी म्हणजे बँकेतलं खातं. त्यात भरणा किती होतो ते महत्त्वाचं. पंप ताशी 20 हजार लिटर देत असेल आणि वीज 8 तासच मिळत असेल, तर दिवसाला 1 लाख 60 हजार लिटर चढतात. अशी टाकी 5 लाखांची बांधली तरी भरणार नाही. पंप 24 तास चालेल असं धरून केलेला हिशोब खान्देशातल्या विजेला लागू पडत नाही. टाकीपेक्षा आधी पंपाचे तास विचारा.

“चोरी होते, पाणी सोडणारा पैसे खातो”

काही ठिकाणी थेट लाइनला मोटार लावतात, हे खरं आहे आणि ते थांबवलंच पाहिजे. पण बहुतेक मोटारी दाब गेल्यानंतर आल्या आहेत. पाणी सोडणारा कर्मचारी तर तुटपुंज्या पगारात पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवतो आणि सगळ्या गल्ल्यांच्या शिव्या खातो. आरोप करण्याआधी मोजमाप करा. त्याला नवी यंत्रं लागत नाहीत.

3 लाख लिटरच्या टाकीत पाण्याची खोली 4 मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे 750 लिटर. टाकीवर पट्टी लावा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दर तासाला पातळी लिहा, पंप चालू असेल तर त्याचं पाणी वेगळं धरा. कमाल तास कोणता आणि तो किती पट, हे आठ दिवसांत गावालाच कळेल. मग दवंडी देऊन एका रात्री सगळ्यांना नळ बंद ठेवायला सांगा, पंप बंद करा, लाइन भरलेली ठेवा आणि 1 ते 4 वाजेपर्यंत पातळी बघा. 20 सेंटिमीटर उतरली तर तीन तासांत 15 हजार लिटर गेलं, म्हणजे ताशी 5 हजार. रोज दोन तास लाइन भरलेली असेल तर गळती आणि चोरी मिळून 10 हजारांच्या आसपास. हा आकडा पावणेतीन लाखांशी ताडून बघा आणि ग्रामसभेत फळ्यावर लिहा. नवी लाइन हवी की गळती काढायची, यावर मत त्यानंतर द्या.