फोटोच्या कडेला उभी असलेली मुलगी

हवामानबदलाविरुद्ध लढणाऱ्या युगांडाच्या व्हेनेसा नाकातेवरचा तुमचा लेख आवडला. जानेवारी २०१९ मध्ये ती कंपालाच्या रस्त्यावर फलक घेऊन उभी राहिली, तिथपासूनचा प्रवास छान मांडलाय. पण स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेवेळचा प्रसंग दोन ओळींत उरकलात, ते खटकलं.

जानेवारी २०२० मध्ये तिथे पाच तरुणींचा एकत्र फोटो निघाला, त्यात स्वीडनची हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गही होती. वृत्तसंस्थेने तो पाठवला तेव्हा कडेची व्हेनेसा कापलेली. उरल्या चौघी गोऱ्या. मागची इमारत नको होती, असं कारण दिलं गेलं. नंतरचा तिचा रडवेला व्हिडिओ मी पाहिलाय, अजून विसरता येत नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा जेमतेम ३-४ टक्के, दुष्काळ आणि पूर मात्र त्यांच्याच दारात. आणि बोलायला आलेली मुलगी चित्रातूनच गायब! हवामानाचा प्रश्न न्यायाचाही आहे, हे मला तेव्हा कळलं.

युगांडातल्या शाळांमधल्या तिच्या कामावर सविस्तर लिहा ना. छपरावर सौर पॅनल, स्वयंपाकघरात सुधारित चुली. सरपण कमी जळलं की झाडं वाचतात, आणि शाळाभर मुलांसाठी धुरात रांधणाऱ्या बाईचे डोळेही.