नांगर बाजूच्या वाळूत टाका
किनाऱ्याजवळच्या कृत्रिम रीफवर (मासळी जमावी म्हणून समुद्रात सोडलेल्या सिमेंटच्या ब्लॉकांवर) गळ टाकायचं या लेखात मस्त लिहिलंय, पण नांगराबद्दल काहीच नाही. मी नाशिकचा, एरवी गोदावरीवर बसणारा, पण सासरवाडी मालवणची, मेव्हण्याच्या होडीतून खडपावर (पाण्यातल्या खडकांवर) गळ टाकतो म्हणून सांगतो. होडी डायरेक्ट रीफच्या डोक्यावर लावू नका, नांगर सिमेंटच्या ब्लॉकात अडकतो आणि ओढताना त्यावर धरलेली कालवं, शेवाळ सगळं खरवडून निघतं, अहो त्याच्यावरच तर बारकी मासळी जगते आणि तिच्यामागे तांबोशी, गोब्रा असे मोठे मासे येतात!! पाण्याची ओढ बघून, ती जिकडून येते त्या अंगाला वाळूत नांगर टाका, गळाच्या दोरीला शिशाचं वजन हलकं लावा, गळाला लावलेली कोळंबी आपोआप रीफकडे वाहत जाते. आणि लहान गोब्रा प्लीज सोडून द्या, तो फार सावकाश वाढतो.