जांघेतली गाठ आणि पाळीची तारीख : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेल्या बाईचं लिहिणं आहे, त्यामुळे 'धन्यवाद' एवढंच लिहून मोकळं व्हायला मन घेईना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या धाकट्या जावेला जांघेत एंडोमेट्रिऑसिस निघालं, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं : एवढ्या नोकरीत असली एकही केस पाहिली नाही. जांघेत गाठ म्हणजे हर्निया, नाहीतर पायाला जखम झाली की येणारं अवधाण. क्वचित कुणाला होणारा आजार सांगून मी बायकांना घाबरवतेय. देवगडच्या बाईचा साध्या सोनोग्राफीला दिवस मोडतो, तिने एमआरआय कुठून करायचा? आणि हे दुखणं गोळ्यांनी थांबतं, मग कापाकापी कशाला?

जांघेतला हा आजार दुर्मिळ आहे, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना एंडोमेट्रिऑसिस असतं. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढते आणि पाळीच्या चक्राबरोबर सुजते, रक्ताळते. त्यातल्या शंभरात एकीलाही ते जांघेत होत नाही. तुम्हाला एकही केस दिसली नसेल हे मला पटतं. पण वैद्यकीय नियतकालिकांत अशा ज्या केसेस छापून आल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी बायका हर्निया म्हणून टेबलावर गेल्या आणि खरा आजार पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कळला. जिथे तुकडा तपासायलाच गेला नाही, तिथे कागदावर हर्नियाच राहिला असणार.

गाठ तिथे येते कशी, हे तुम्ही विचारलंत. गर्भाशयाच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक बंध निघतो, राउंड लिगामेंट. तो जांघेच्या नळीतून खाली योनीच्या बाहेरच्या ओठापर्यंत येतो. त्या बंधाच्या पोटाबाहेरच्या भागावर हे अस्तर रुजतं. कधी हर्नियाच्या पिशवीतच रुजतं, म्हणजे दोन्ही आजार एकत्र. बहुतेक वेळा उजवीकडेच सापडतं. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आड येतो म्हणून असं होत असावं, असं डॉक्टर मानतात. जावेचीही गाठ उजवीकडेच, सुपारीएवढी, दाबली की कळ जायची.

आता घाबरवण्याचं. ताई, मी बायकांना एमआरआय करा म्हटलेलं नाही. मी म्हटलं होतं, पाळीची तारीख लिहा. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, सगळं असतं. जाऊ पाळीच्या तारखेला बारीक टिंब द्यायची. गाठ दुखायला लागली तसं मी तिला दुखण्याच्या दिवशी फुली मारायला सांगितलं. काही महिन्यांनी पानं उलटली, तर फुल्या टिंबांच्या आसपासच गोळा झालेल्या. डॉक्टरांनी खोकल्यावर गाठ फुगते का, आडवं झाल्यावर आत जाते का, ते पाहिलं, हर्निया असेल तर सहसा तसं होतं. दोन्हीला उत्तर 'नाही' होतं. तरी पाळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सासूबाई शेजारीच बसलेल्या, त्यांनी आधीच बजावलं होतं, "ह्या काय डॉक्टराक सांगूचा?" पुढच्या खेपेला ते कॅलेंडर आम्ही पिशवीत घालून नेलं. सर्जननी ते पाहिलं आणि हर्नियाची ठरलेली तारीख थांबवून आधी सोनोग्राफी सांगितली. या सगळ्याला एक पेन लागलं.

दोन गोष्टी मात्र ठळक सांगायला हव्यात. एक, सगळ्याच जणींचं दुखणं पाळीच्या तालावर नाचत नाही. काहींना महिनाभर दुखतं, काहींची गाठ नुसतीच असते. फुल्या जुळल्या नाहीत म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. दुसरी, जांघेची गाठ अचानक कडक झाली, भयंकर दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर कॅलेंडर बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. तो अडकलेला हर्निया असू शकतो. तुम्ही म्हणता तो धोका खराच आहे. टीबीच्या गाठीही जांघेत येतात. म्हणून तपासणी डॉक्टरांचीच हवी, घरातल्या अंदाजाची नको.

सोनोग्राफी पोटाची करून भागत नाही, जांघेवर प्रोब ठेवून करायची. जमलं तर पाळीच्या दिवसांत, तेव्हा गाठ ठसठशीत दिसते. एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठ किती खोल आहे, ओटीपोटात आणखी काही आहे का, हे ठरवायचं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण जुनं साचलेलं रक्त त्यात ओळखता येतं. सीए-125 ही रक्ततपासणी यात निकाल देत नाही, तिच्यावर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना विचारा. सुईने नमुना घ्यायचा तर आत आतडं नाही याची आधी खात्री हवी.

गोळ्यांचं. डायनोजेस्टसारख्या हार्मोनच्या गोळ्यांनी कळा कमी होतात, अनेकींना मोठा आराम पडतो, हे मीही मानते. पण जांघेतली घट्ट झालेली गाठ गोळ्यांनी सहसा विरघळत नाही, आणि गोळ्या थांबल्या की दुखणं परत येतं. इथे मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गाठ आजूबाजूच्या निरोगी कडेसकट, बंधाच्या त्या भागासह पूर्ण काढायची. हर्निया असेल तर त्याच वेळी दुरुस्त करायचा. अर्धवट राहिली तर पुन्हा उगवते. ज्यांना पाळीत ओटीपोट असह्य दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं किंवा दिवस राहत नाहीत, त्यांच्या बाबतीत दुर्बिणीने ओटीपोट पाहण्याचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर आधीच व्हायला हवा. 'मूल झालं की थांबतं' असं तुम्ही लिहिलंत. जावेला दोन मुलं झाल्यावर हे सुरू झालं.

एका मुद्द्यावर मी हटणार नाही. काढलेला तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. आमच्याकडे कणकवलीत ऑपरेशन झालं आणि तुकडा टिकवायच्या औषधात, फॉर्मॅलिनमध्ये, घालून ती बाटली नातेवाईकांच्या हातात दिली. नाव लिहिलेली चिकटपट्टी, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या. दीर म्हणाले, काढली ना गाठ, आता आणखी पैसे कशाला? मी ती बाटली मांडीवर धरून एसटीने फोंडा घाटातून कोल्हापूरला नेली. रिपोर्टात गर्भाशयाच्या अस्तराच्या ग्रंथी आणि त्याभोवतीची पेशीजाल स्पष्ट लिहून आली, कॅन्सर नाही हेही आलं. त्या कागदामुळेच पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिची ओटीपोटाची नीट तपासणी केली. नाहीतर हर्निया झाला, संपलं, असंच झालं असतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, गावातल्या बाईने जायचं कुठे? आधी तालुक्याच्याच सर्जनकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, तारखा लिहिलेलं कॅलेंडर घेऊन. एमआरआयची वेळ आलीच तर आपल्याकडची माणसं एरवीही जातात तसं कोल्हापूर किंवा गोव्याला बांबोळीचं सरकारी रुग्णालय. तुमच्या ओळखीच्या आशा सेविका अजून घरोघर फिरतात. त्यांच्या बैठकीत तुम्ही एवढं सांगाल का, की एखादी बाई जांघेतली गाठ सांगायला आली तर तिला पाळीची तारीखही विचारा? माझं त्या ऐकतील की नाही कोण जाणे, तुमचं नक्की ऐकतील.