गावची पेटी आली? मग एवढं कराच

गेल्या आठवड्यात मुंबईला धाडलेल्या हापूसच्या पेटीची पोच आली. व्हॉट्सअ‍ॅपवर कापलेल्या आंब्याचा फोटो आणि खाली दोन शब्द: "आत पांढरं." पेटी पोचली हे त्यावरूनच कळलं. पद्धत झकास आहे. समस्त चाकरमान्यांना तिचा लाभ व्हावा म्हणून या चार सूचना.

पेटी लक्झरीतून येत असेल तर पहाटे पाचला सायनला मुळीच वेळेवर जाऊ नका. ड्रायव्हर डिकी उघडून, बाकीच्या प्रवाशांच्या शिव्या खात थांबतोच. उद्या त्याला गावात तोंड दाखवायचं असतं, तुम्हाला कुठे दाखवायचंय?

घरी आणलीत की पेटी गॅलरीत उन्हात ठेवा आणि विसरा. खिळे उपटायला पक्कड लागते, ती सापडेपर्यंत चार दिवस जातात. तोवर पेंढ्यात ऊब धरते, एखादं फळ देठाकडून काळं पडतं आणि शेजारच्यांनाही लावतं. मग उघडा आणि नासके मोजा. मोजणं महत्त्वाचं. चांगले किती निघाले ते मोजायची गरज नाही.

लवकर उघडलीतच, तर सगळे आंबे थेट फ्रिजमध्ये घाला. पेटीतला आंबा तयार असतो, पण पिकलेला नसतो. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्यावर पसरून ठेवला, एक दिवसाआड हात फिरवून डागी फळ बाजूला काढलं, तर आठ-दहा दिवसांत खोलीभर घमघमाट सुटतो. एवढा उपद्व्याप कोण करणार? कच्च्या हापूसला फ्रिजची थंडी बाधते, साल काळवंडते, रंग चढत नाही, गर आंबट राहतो. म्हणजे "यंदा चवच नाही हो" म्हणायला तुम्ही मोकळे.

फोन केलात तर पहिलं वाक्य "पैसे किती झाले?" हेच असू द्या.

दुसरं, "वाशीच्या बाजारात यंदा स्वस्त आहे."

डॉक्टरांना किंवा साहेबांना पेटी पुढे सरकवणार असाल, तर फळीवर मार्करने लिहिलेलं तुमचं नाव आधी खरवडा.

आता तो पांढऱ्याचा फोटो. त्याला साका म्हणतात. गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस. बाहेरून फळ केशरी, वासाला फर्स्टक्लास. सुरी लावेपर्यंत बागायतदाराच्या बापालाही पत्ता लागत नाही. कातळ तापतो, खालून झळ लागते, मोठ्या फळाला जास्त. म्हणून आंबा उन्हं चढायच्या आत काढतात, काढलेला लगेच सावलीत नेतात, तरी एखाद्यात निघतोच. साका नकोच असेल तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला रत्ना आहे, तो मागा. पण तो तुम्हाला चालत नाही, कारण शेजाऱ्यांना "हापूस आलाय" असं सांगता येत नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते हापूसला, आणि तेव्हापासून तुम्ही तर परीक्षकच झालात. पाच डझनांत, म्हणजे साठ फळांत, साका किती निघाला? दोन. अठ्ठावन्न खाल्लेत, कोयी चाटल्यात, त्यांचा फोटो कुठाय?

डिसेंबरात मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्स ही कीड. फवारणीवर फवारणी, औषधाचे भाव तुम्हाला सांगून उपयोग नाही. फळ धरलं की वांदरांची राखण. वर्षाआड धरणारं कलम, त्यात मधेच अवकाळी. मग झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ देठासकट उतरवायचं, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. मग निवड. मोठं, बिनडागी फळ बाजारात जातं, डागी कॅनिंगला. आणि त्या पहिल्या ढिगातून, व्यापारी दारात उभा असताना, साठ फळं बाजूला काढून ठेवतात ती तुमची. घरातली पोरं डागी खातात. चांगल्याला हात लावला तर आजी ओरडते, "ते मुंबईचे हत!"

आणि तुम्ही विचारता किती झाले!

अहो, शेजारून आलेली वाटी तुमची आई कधी रिकामी परत देत नव्हती. चमचाभर साखर तरी घालायची. तुमच्याकडून साखरही नको कुणाला. पैसे घ्यायचे असते तर पेटी दलालाकडे गेली असती, त्याला नीट भाव कळतो. ती उचललेली फरसाणाची पाकिटंही मे महिन्यात आणू नका, इथे दुकानं आहेत.

पेटी आल्याला नऊ दिवस झालेत. गावी फोन करा. तो आजीकडे द्यायला सांगा. आंबा कसा होता ते तिला सांगा, आणि साक्याचं नाव काढू नका.