बेडकाचा डोळा, काकमारी आणि ‘नुसतं वायरिंग’

“बेडकाचे डोळे जागचे हलत नाहीत, म्हणून त्याला फक्त हलणारी वस्तू दिसते. नजरेची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे नुसतं वायरिंग. मेंदूतल्या रसायनांचा तिथे काही संबंध नाही.” पावसाळा लागला की हा मजकूर फिरायला लागतो.

डोळे हलत नाहीत, हे अर्धवट ऐकलेलं. लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांच्या १९५९च्या गाजलेल्या शोधनिबंधात आहे की बेडूक भक्ष्याच्या मागे डोळे फिरवत नाही. न हलणाऱ्या अन्नाच्या ढिगात तो उपाशी मरेल. पण अंग कलंडलं किंवा भोवतालचं सगळं दृश्य फिरलं, तर डोळे त्याची भरपाई करतात, हेही तिथेच लिहिलंय. ते कुणी फॉरवर्ड करत नाही! (आणि बेडकाला किडा गिळताना बघा. डोळे खोबणीत खाली बुडतात आणि घास मागे रेटायला मदत करतात.)

आता वायरिंग, म्हणजे नसांची ठरलेली जोडणी. बेडकाला उभ्या पट्ट्यांच्या फिरत्या पिंपात बसवलं की डोकं आणि डोळे पट्ट्यांमागे सावकाश सरकतात, मग झटक्यात मागे येतात. लोकलच्या खिडकीतून खांब बघताना आपलेही डोळे असेच नाचतात. पण बेडकाचा एक डोळा झाकला, तर गंमत होते. पट्टे कानशिलाकडून नाकाकडे गेले तरच तो साथ देतो. उलटे फिरवले की ढिम्म. वायरिंगवाले म्हणतील, त्या दिशेची वायरच नाही. १९८०च्या दशकात संशोधकांनी बेडकांना पिक्रोटॉक्सिन नावाचं विष टोचलं आणि उलट्या दिशेलाही प्रतिसाद सुरू झाला. म्हणजे वायर होतीच, मेंदूतलं गाबा नावाचं रसायन तिला थोपवून धरत होतं. पिक्रोटॉक्सिन गाबाचा हा ब्रेक निकामी करतं. ते मिळतं काकमारीच्या बियांतून, मासे गुंगवायला पाण्यात टाकतात ना, त्याच.

“मग गाबा हेच नजरेचं रसायन,” असा नवा मजकूर मात्र काढू नका. शरीर वळलं की आतल्या कानाची नस मेंदूला संदेश देते, तो मुख्यतः ग्लुटामेट या दुसऱ्याच रसायनातून. पुढे गाबाबरोबर ग्लायसिनही लगाम खेचतं, आणि शेवटी डोळ्याचा स्नायू आखडतो तो असेटिलकोलिनमुळे.